चार घटकांचा पाहुणा

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवी रीति रूढ होऊं लागली आहे. कारखान्यांत तीस-पस्तीस वर्षें घाम गाळून निवृत्त झालेले गृहस्थ व त्यांची पत्नी, मुलाच्या आग्रहावरून, डिसेंबर महिन्यांत युरोपची वाट धरितात. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत. फोक्सवागेन व मर्सिडीज-बेंझ या दोन्ही कंपन्यांचे तेथील कारखाने २००९ सालीं सुरू झाले. त्यामुळें स्टुटगार्ट, वोल्फ्सबुर्ग हीं नांवें निगडी-प्राधिकरणांतल्या घरांतून नाशिक-कोल्हापूरइतक्याच सहजपणें उच्चारलीं जातात. मुलगा कामानिमित्त तिकडे सहा महिने राहून येतो, आणि पुढें कधीं तरी आईबापांस तो देश दाखवावा असें त्याच्या मनांत येतें. यांत वावगें कांहीं नाहीं. पूर्वीं मुलें आईबापांस काशीस नेत.

अशा प्रवासांत अलीकडे जलसहलीस विशेष मागणी आहे. ऱ्हाईन नदींतून जाणारी लांबट, बुटकी प्रवासी नौका म्हणजे तरतें विश्रामगृहच. तिला क्रूझ म्हणतात. निजणें, जेवणें, करमणूक सर्व नौकेवर. सामान एकदां खोलींत ठेवलें कीं आठ दिवस उचलावें लागत नाहीं. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांस याहून सोयीचा प्रवास नाहीं. रोज सकाळीं खिडकीबाहेर नवें शहर उभें असतें. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंत त्या शहरांच्या चौकांत नाताळचे बाजार भरतात, व ते पाहण्यासाठींच या दिवसांतल्या फेऱ्या आंखलेल्या असतात. नौका धक्क्यास लागते. उतारूंच्या हातीं क्रमांकाची चकती व कानांत मार्गदर्शकाचें बोलणें ऐकविणारें यंत्र येतें. "बरोबर साडेचारला परत" अशी ताकीद मिळते. आणि मंडळी रांगेनें शहरांत शिरतात. चार तासांत देवालय, बाजार, गरम मसालेदार मद्याचा किंवा सफरचंदाच्या रसाचा एक पेला, थोडी खरेदी, पुष्कळ छायाचित्रें. साडेचारला मोजणी होते. नौका सुटते.

या चार तासांत त्या मंडळींनीं नेमकें काय केलें? तीं त्या शहराचीं पाहुणीं होतीं, गिऱ्हाइकें होतीं, कीं केवळ प्रेक्षक होतीं? आणि परक्याच्या सणांत शिरून, तो डोळ्यांनीं चाखून, कोणाचें कांहीं देणें न राहतां परत येणें हें नीतीच्या दृष्टीनें अगदींच निर्दोष आहे काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या काळांत अर्ध्याअधिक सुशिक्षित समाजाचा परक्यांशीं येणारा संबंध अशा सहलींतूनच येऊं लागला आहे, त्या काळांत तो विचारण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गोष्ट बाजूस काढली पाहिजे. आमचे कांहीं विद्वान मित्र अशा सहलींची थट्टा करितात. मेंढरांप्रमाणें निशाणामागें चालणारे लोक, दहा मिनिटांत देवालय 'उरकणारे' लोक, अशीं त्यांचीं वर्णनें असतात. हे मित्र स्वतः परदेशीं जातात तेव्हां विद्यापीठाच्या खर्चानें जातात व महिनाभर राहतात, हें ते सांगत नाहींत. वर्षानुवर्षें तिसऱ्या पाळीस गेलेल्या, भोंग्याच्या हिशेबानें झोपलेल्या माणसानें सुखानें बसून नदीकांठचीं शहरें पाहिलीं तर त्याच्या रसिकतेची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणास आहे? घाई हा त्याचा अपराध नव्हे. त्याची रजा, त्याची पुंजी व त्याचे गुडघे यांनीं मिळून ती घाई ठरविलेली असते. आम्हांस जो प्रश्न विचारावयाचा आहे तो याहून निराळा आहे.

दुसरा आक्षेप थोडा भारदस्त आहे. सण हा भक्तीचा विषय; त्याचा बाजार मांडला तेथेंच तो भ्रष्ट झाला; मग भ्रष्ट वस्तु पाहणारास दोष तो काय द्यावयाचा? हा आक्षेप इतिहासास धरून नाहीं. ड्रेस्डेनचा नाताळ-बाजार १४३४ सालीं प्रथम भरला, तेव्हां तो सणाच्या जेवणासाठीं मांस विकण्याचा एका दिवसाचा बाजार होता. स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० सालचा. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट मंडळींस संत निकोलसच्या नांवाचा जुना बाजार नकोसा झाला, तेव्हां त्यांनीं तो बंद केला नाहीं, बाळ ख्रिस्ताच्या नांवें पुन्हां भरविला. संत गेला, बाजार राहिला. जर्मन भाषेंत 'मेस्से' या एकाच शब्दानें ख्रिस्ती उपासना व व्यापारी जत्रा या दोहोंचा बोध होतो. आपल्याकडे तरी निराळें काय आहे? 'यात्रा' व 'जत्रा' हे शब्द मुळांत एकच. कार्तिक वद्य एकादशीस आळंदीस जाऊन पाहावें. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं समाधि घेतली त्या तिथीच्या सुमारास लक्षावधि वारकरी इंद्रायणीकांठीं जमतात, आणि देऊळवाड्यापासून घाटापर्यंत टाळ, चिपळ्या, तुळशीच्या माळा, बुक्का, पेढे, रेवड्या, पितळेचीं भांडीं, घोंगड्या व लहान मुलांचीं खेळणीं यांचीं दुकानें लागतात. माळ विकत घेतल्यानें कोणाची वारी बाटली असें आम्हीं ऐकलेलें नाहीं. योगायोग असा कीं, ही आळंदीची कार्तिकी आणि तो जर्मनींतला नाताळ-बाजार बहुधा वर्षाच्या एकाच सुमारास भरतात. दोहोंतही थंडी असते, दोहोंतही दिवे असतात, आणि दोहोंतही मुलें हरवतात.

तेव्हां खरेदीविक्रीनें सण नासत नाहीं. मग अल्पकाळ राहिल्यानें पाहुणेपण नासतें काय? येथें आपल्या परंपरेनें दिलेलें उत्तर मनोरंजक आहे. 'अतिथि' या शब्दाची फोड ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो, अशी पूर्वापार करीत आले आहेत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत एक रात्र राहणारास अतिथि म्हटलें आहे, व त्याचें राहणें नित्य नाहीं म्हणूनच तें नांव, असें कारणही दिलें आहे. (मनूनें तेथेंही वर्णाची अट घातली आहे, ती आपण सोडून देऊं.) म्हणजे अल्पकाळ राहणें हा अतिथीचा दोष नसून तें त्याचें लक्षण आहे. फार दिवस राहिलेल्या पाहुण्याविषयीं घरोघर काय बोलतात तें वाचकांस सांगावयास नकोच. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, जलसहलीच्या उतारूच्या येण्यास तिथीच काय, मिनिटही ठरलेलें असतें. आणि दुसरी, तो जी रात्र घालवितो ती नौकेवर. ज्या शहरास त्यानें भेट दिली त्या शहराच्या छपराखालीं तो निजत नाहीं.

कांट या तत्त्ववेत्त्यानें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क आणि केवळ भेट देण्याचा हक्क असे दोन हक्क त्यानें वेगळे केले आहेत. पहिला हक्क यजमानाच्या संमतीखेरीज मिळत नाहीं. दुसरा मात्र मनुष्यमात्रास आहे. कारण पृथ्वी गोल व मर्यादित आहे, माणसें तिच्यावर अनंतापर्यंत पांगूं शकत नाहींत, तेव्हां शेवटीं त्यांस एकमेकांचें सान्निध्य सोसलेंच पाहिजे. परक्यास, तो शांतपणें वागत असतां, वैऱ्यासारखें वागवूं नये इतकाच या हक्काचा अर्थ. आपल्या गांवाबाहेर फारसा कधीं न गेलेल्या या प्राध्यापकानें प्रवाशांच्या हक्कांविषयीं इतका खोल विचार करावा ही मौज आहे खरी. पण कोनिग्सबेर्ग हें बंदर होतें, आणि धक्क्यावर उतरणारे लोक त्यानें आयुष्यभर पाहिले होते. युरोपांतील व्यापारी राष्ट्रें 'भेट' या नांवाखालीं परदेशांत काय करितात हेंही त्यानें त्याच प्रकरणांत स्पष्ट लिहिलें आहे, व हिंदुस्थानचा त्यांत नांवानिशीं उल्लेख आहे.

कांटच्या या विवेचनानें जलसहलीच्या उतारूची सुटका होते. त्यास भेटीचा हक्क आहे, तो शांतपणें वागतो, पैसे देतो, त्याच्याशीं कोणीं वैर करूं नये. पण आमचें समाधान होत नाहीं. कां होत नाहीं हें सांगण्यासाठीं त्याच नदीवरच्या एका शहराकडे वळलें पाहिजे.

कलोन हें नांव आपल्याकडे निराळ्याच वाटेनें आलें. आमच्या लहानपणीं ज्वर चढला कीं आई कपाळावर ज्या युडीकोलनच्या पट्ट्या ठेवीत असे, तें पाणी मूळ या शहराचें. तेथील भव्य देवालयाचा पाया १२४८ सालीं घातला गेला आणि शिखरें पुरीं झालीं तीं १८८० सालीं. देवालयास लागून नाताळचा बाजार भरतो, आणि प्रवासी नौकांचे धक्के तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. देवालयांत सोन्यानें मढविलेली एक मोठी पेटी आहे. येशूच्या जन्मानंतर ताऱ्याच्या मागानें पूर्वेकडून जे ज्ञानी पुरुष बालकाच्या दर्शनास आले, त्यांच्या अस्थि तींत आहेत अशी श्रद्धा आहे; ११६४ सालीं त्या मिलानहून येथें आणल्या. त्या अस्थि खरोखर कोणाच्या, हा वाद इतिहासकारांनीं करावा. मध्ययुगांत त्यांच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येत, व परत जातांना शिशाचे-कथलाचे लहान बिल्ले विकत घेऊन टोपीस लावीत. कलोन ही, म्हणजे, त्या लोकांची एक आळंदीच होती.

हे तीन ज्ञानी पुरुष आमच्या प्रश्नास फार उपयोगी आहेत. तेही परके होते, परधर्मी होते, आणि थोडाच वेळ राहिले. ते आले, त्यांनीं पाहिलें, नमस्कार केला, सोनें व सुगंधी द्रव्यें ठेविलीं, आणि गेले. बाहेरून पाहतां ही चार घटकांची सहलच. परंतु मॅथ्यूच्या कथेंत त्यांच्या भेटीस एक दुसरी बाजू आहे. वाटेंत हेरोद राजानें त्यांस सांगितलें होतें कीं, बालक सांपडलें म्हणजे मला येऊन कळवा. ज्या क्षणीं त्यांनीं तें बालक पाहिलें, त्या क्षणीं त्यांच्यावर एक जबाबदारी आली: सांगावयाचें कीं नाहीं? ते परतले ते दुसऱ्या वाटेनें; राजाकडे गेलेच नाहींत. पाहिलेल्या वस्तूनें त्यांच्यापाशीं कांहीं मागितलें व तें त्यांनीं दिलें. आमच्या मतें अतिथि आणि प्रेक्षक यांमधला भेद हाच. प्रेक्षकापाशीं कोणी कांहीं मागूं शकत नाहीं. अतिथीपाशीं मागतां येतें. किंबहुना तो उंबरठ्याच्या आंत आला म्हणजे त्यानें ती शक्यता पत्करलेलीच असते.

आतां जलसहलीची रचना पाहावी. तिच्या तिकिटांत जीं सुखें विकलीं जातात त्यांत नदी आहे, जेवण आहे, ऊबदार खोली आहे. पण सर्वांत मोठें सुख, जें माहितीपत्रकांत छापलेलें नसतें, तें हें कीं कोणीं तुमच्यापाशीं कांहीं मागणार नाहीं. भाषेचा प्रश्न मार्गदर्शक सोडवितो. वाट चुकण्याची सोय नाहीं. बक्षिशी आधींच हिशेबांत धरलेली असते. शहर तुमच्यापुढें मांडलेलें असतें, आणि तुम्ही मात्र शहराच्या हातीं लागत नाहीं. त्या बाजारांत गरम मद्याच्या पेल्यासाठीं वेगळी अनामत घेतात. पेला परत केला कीं ती परत मिळते. पुष्कळ लोक पेलाच आठवण म्हणून घेऊन जातात, व दुकानदारास त्याचें कांहीं वाटत नाहीं. अनामत त्याच्यापाशीं असतेच. त्या चार तासांत त्या शहरानें त्यांच्यापाशीं विश्वासानें ठेवलेली वस्तु काय ती एवढीच, आणि तिचाही हिशेब आगाऊ पुरा.

दोन वर्षांपूर्वीं अशा एका सहलींत जाण्याचा योग आम्हांस आला होता. कलोनच्याच बाजारांत, गवताच्या काड्यांच्या चांदण्या विकणाऱ्या एका वृद्ध बाईनें आमच्या पत्नीस मोडक्या इंग्रजींत विचारलें, "तुमच्याकडे या दिवसांत काय असतें?" प्रश्न सौजन्याचा होता, पण खरा होता, ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. पत्नीनें नदी, समाधि, चालत येणारे लोक असें कांहींसें सांगावयास आरंभ केला. तोंच कानांतलें यंत्र बोलूं लागलें व चौकाच्या टोकास निशाण वर झालें. बाईनें समजूतदारपणें हात हलविला. तिला याची संवय असावी.

हा भेद स्वतःकडे बोट वळविल्यावांचून नीट कळत नाहीं. मुंबई बंदरांत थांबणाऱ्या परदेशी नौकांच्या उतारूंस एका दिवसांत जी मुंबई दाखवितात, तींत महालक्ष्मीच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट हें एक ठरलेलें दृश्य आहे. गाडी थांबते, लोक उतरतात, खालीं कपडे आपटणाऱ्या माणसांचीं छायाचित्रें घेतात, व गाडी निघते. हें पाहून आपल्यांपैकीं अनेकांस संकोच वाटतो. तो कां वाटतो? कोणी धोब्यास हंसत नाहीं, कोणी त्याचें कांहीं नेत नाहीं. संकोच पुलाच्या उंचीचा आहे. पुलावरून खालचा माणूस दिसतो, खालच्या माणसास मात्र वर उभ्या असलेल्यास "जरा हें पीळ धरतोस का?" असें म्हणतां येत नाहीं. उंच नौकेवरून उतरून सपाट चौकांत चालणारा उतारू देखील असा एक पूल बरोबर घेऊनच चालत असतो.

याउलट आमच्या खेड-मावळ भागांतल्या जत्रेंत काय होतें तें पाहावें. भोसरीचें आज शहर झालें आहे, तरी भैरवनाथाचा उत्सव चैत्रांत अजून होतो. आसपासचीं जीं जीं गांवें महानगरपालिकेनें गिळलीं, त्यांतल्या बहुतेकांची जत्रा शाबूत आहे. अशा जत्रेंत एखादा अनोळखी माणूस, कारखान्यांत नुकताच लागलेला बिहारी किंवा मराठवाड्याचा तरुण, नुसता पाहावयास म्हणून उभा राहिला तर दहा मिनिटांत कोणी तरी त्याचा दंड धरितो, "पाव्हणं, जेवून जा" म्हणतो, आणि पंगतीस बसवितो. आणि पंगत उठली कीं त्याच्याच हातीं पाण्याची बादली देतो: आतां पुढच्या पंगतीस वाढ. ही बादली आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जेवण देणें हें दान झालें. बादली देणें ही ओळख झाली. त्या तरुणास भैरवनाथाविषयीं कांहीं भक्ति असण्याचें कारण नाहीं, आणि उद्यां तो कामावर जाणार आहे. पण तो आतां प्रेक्षक राहिला नाहीं.

हें सर्व आपल्याकडे चांगलेंच आहे व तिकडे वाईटच, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. इरावती कर्वे यांनीं पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालून 'वाटचाल' नांवाचा लेख लिहिला. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या. पाहण्याची वृत्ति त्यांच्या व्यवसायाचाच भाग. एकच अभंग म्हणत चालणारी दिंडी जेवणाच्या वेळीं जातीजातींनीं वेगळी बसते, हें त्यांनीं पाहिलें, आणि पाहिलें म्हणून त्यांच्यानें गप्प बसवेना. त्या दुसऱ्यांच्या पंगतींत जाऊन जेवल्या. आपल्या जत्रेंतली बादली सर्वांच्याच हातीं देत होते असें समजणें ही स्वतःची फसवणूक आहे. पुष्कळांस आपण पिढ्यान् पिढ्या पुलावरही उभें राहूं दिलें नाहीं.

कलोनमध्यें बुटक्यांची एक कथा सांगतात. फार पूर्वीं त्या गांवांत अंगठ्याएवढीं माणसें रात्रीं येत व लोकांचीं राहिलेलीं कामें करून जात: सुताराचें लांकूड तासून ठेवीत, पावरोटीवाल्याच्या पावरोट्या भाजून ठेवीत, शिंप्याचा अंगरखा शिवून ठेवीत. शिंप्याच्या बायकोस तीं पाहण्याची इच्छा झाली. तिनें जिन्यावर वाटाणे पसरले. बुटके घसरून पडले. ती दिवा घेऊन धांवली. त्या रात्रीपासून ते कधीं आले नाहींत. ऑगस्ट कोपिश या कवीनें १८३६ सालीं या कथेवर कविता लिहिली, आणि १८९९ पासून देवालयाजवळच्या एका कारंज्यावर ती दिवा घेतलेली बायको दगडांत उभी आहे. कथेचें तात्पर्य सामान्यतः बायकांच्या चौकसपणावर ढकलतात, तें आम्हांस पटत नाहीं. तिचा दोष पाहण्याचा नव्हता. ज्यांनीं वर्षानुवर्षें आपलें काम केलें त्यांस तिनें प्रथमच पाहिलें, आणि तेंही त्यांस पाडून. जिन्यावर वाटाण्यांऐवजीं दोन लहान अंगरखे ठेवून ती जागी राहिली असती, तर गोष्ट कदाचित् निराळी झाली असती.

शहरांनाही आतां हा प्रश्न जाणवूं लागला आहे. व्हेनिसनें २०२१ सालापासून मोठ्या नौकांस सान मार्को चौकासमोरच्या पाण्यांतून जाण्याची बंदी केली, आणि २०२४ च्या एप्रिलपासून ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर पांच युरोंचा कर बसविला. रात्रीं शहरांत मुक्काम करणारास हा कर नाहीं. मनूची ती एक रात्र येथें अशी अकल्पित ठिकाणीं पुन्हां भेटते. कर योग्य असेल. गटारें झाडावयास पैसा लागतोच. पण पांच युरो देऊन प्रवासी पुन्हां मोकळाच होतो, नव्हे अधिकच मोकळा होतो; शहरानें जें मागावयाचें तें मागून झालें, त्यानें दिलें, पावती खिशांत आहे.

मग काय करावें, जाऊंच नये? असें आम्हीं म्हटलेलें नाहीं. जावें. निदान निघण्यापूर्वीं त्या बाईचा प्रश्न आपणांस विचारला जाणार आहे हें धरून जावें, व शक्य तर नौकेऐवजीं गांवांत दोन रात्री काढाव्या. चाकणच्या ज्या तरुणांस तिकडचे सहकारी आहेत त्यांनीं आईबापांस एक संध्याकाळ त्या सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरांत न्यावें; तेथें बटाटे सोलावयास मिळतील. आणि तो सहकारी मार्गशीर्षाच्या तोंडाशीं इकडे आला तर त्यास लोणावळ्यापूर्वीं आळंदी दाखवावी.

आळंदीचें नांव निघालें म्हणून एक शेवटची गोष्ट सांगतों. अलीकडे संगणकाच्या व मोटारींच्या कारखान्यांत काम करणारे आमच्याकडील शेंकडों तरुण-तरुणी आषाढी वारीची एक दिवसाची वारी करितात. ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वरांची पालखी निघते. मग आळंदीहून पुण्यापर्यंत तिच्याबरोबर चालावयाचें, आणि रात्रीं घरीं. जुन्या वारकऱ्यांस यांत थोडी सहल दिसते, व ती थोडी असतेही. पांढरे सदरे, नव्या टोप्या, वाटभर छायाचित्रें. परंतु आम्हांस या चालण्याचें भय वाटत नाहीं, कारण वारींत एक सोय आहे: तेथें कोणीही कोणासही 'माउली' म्हणून हांक मारूं शकतो, आणि हांक मारली कीं कांहीं तरी विचारूं शकतो. पाणी आहे का, पाय दाबतोस का, ही पिशवी धर. आळंदीच्या घाटावर गेलीं कित्येक वर्षें आणखी एक प्रश्न विचारला जातो. इंद्रायणीच्या पाण्यावर अनेकदां पांढऱ्या फेसाचे थर तरंगत असतात. वरच्या अंगास असलेल्या वसाहतींचें सांडपाणी व कारखान्यांचें रसायन त्यांत मिसळतें हें सर्वांस ठाऊक आहे. दूरच्या जिल्ह्यांतून आलेली एखादी म्हातारी तो फेस हातानें बाजूस सारून तेंच पाणी डोळ्यांस लावते, व शेजारच्या स्वच्छ सदऱ्यांतल्या मुलास विचारते, "माउली, हें पाणी असं का रं झालं?"

त्या मुलास नौकेवर परतण्याची घाई नसते. कोणतें रसायन, कोणता नाला, कोणत्या शुद्धीकरण-केंद्राचें काम अपुरें, यांतलें पुष्कळसें त्यास आपल्या कचेरींत बसून कळण्याजोगें असतें. म्हातारी उत्तराची वाट पाहत उभी असते. पुढें दिंडी चालूं लागते, तोही चालतो, संध्याकाळीं पुण्यास पालखी पोहोंचते, आणि तो बसनें मोशीस घरीं येऊन मोरींत पाय धुतो.